‘क्लोरीनचा वास’ : घरगुती तरणतलावाच्या जलरसायनातील एका संज्ञेचा इतिहास

घरच्या तरणतलावाच्या पाण्याला उग्र दर्प येऊ लागला आणि पोहून वर आलेल्या मुलांचे डोळे चुरचुरू लागले, म्हणजे तलावाचा धनी बहुधा एकच निष्कर्ष काढतो : पाण्यात क्लोरीन अधिक पडले. मग तो चार दिवस औषध घालणे थांबवितो. वस्तुस्थिती बव्हंशी याच्या उलट असते. ज्याला ‘क्लोरीनचा वास’ म्हणतात तो मोकळ्या क्लोरीनचा नसून, घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन निपजणाऱ्या क्लोरॅमिनांचा असतो. तो दर्प येतो याचा अर्थ, जंतूंचा नाश करणारे मोकळे क्लोरीन या संयोगात खर्ची पडत आहे. अशा वेळी औषध थांबविणे म्हणजे पाणी जंतूंच्या स्वाधीन करणे होय. येथे निरीक्षण चुकलेले नाही. नाक आणि डोळे आपले काम चोख बजावतात. चुकले आहे ते नाव. एकाच नावाखाली अनेक द्रव्ये वावरत राहिली आणि त्यांना सामान्य माणसाच्या हाती निरनिराळे करून देण्यास रसायनशास्त्राला जवळजवळ दीड शतक लागले.

स्वीडनमधील कार्ल शेले याने १७७४ मध्ये हा वायू प्रथम तयार केला, तेव्हा त्याला ते मूलद्रव्य वाटले नव्हते. फ्लॉजिस्टनच्या तत्कालीन उपपत्तीनुसार त्याने त्याची गणना एका आम्लाच्या रूपांतरात केली. १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने ते मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले आणि फिकट हिरव्या रंगाच्या वाचक अशा ग्रीक शब्दावरून त्यास ‘क्लोरीन’ हे नाव दिले. कोणत्याही उपपत्तीचा आधार न घेता केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या गुणावरून नाव द्यावे, ही त्याची भूमिका सावधपणाची होती; कारण उपपत्ती बदलतात, रंग बदलत नाही. परंतु पाण्यात विरघळलेल्या अल्पशा क्लोरीनला हा रंग दिसण्याइतका नसतो. तेथे नाव उरते, खूण उरत नाही.

पुढील प्रसंग तर विलक्षण आहे. १८११ मध्ये फ्रान्समधील पिएर द्यूलाँ याने नायट्रोजन ट्रायक्लोराइड हे द्रव्य शोधून काढले आणि त्याच्या स्फोटात एक डोळा व हाताची बोटे गमावली. १८१२ मध्ये त्याच द्रव्यावर प्रयोग करीत असता डेव्हीच्या डोळ्यास इजा झाली. लेखनास असमर्थ झाल्यामुळे त्याने काही दिवस मायकेल फॅरडे या तरुणाला लेखनिक म्हणून जवळ घेतले. फॅरडेच्या पुढील कीर्तीचा उगम या अपघाताशी जोडला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते दुसऱ्याच गोष्टीला. बंदिस्त तरणतलावाच्या काठावर नाकाला झोंबणाऱ्या दर्पात याच नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा वाटा मोठा असतो. (त्याचे तेथील प्रमाण इतके सूक्ष्म असते की स्फोटाची भीती बाळगण्याचे कारण नाही.) ज्याने क्लोरीनला नाव दिले, त्यालाच त्या नावाखाली पुढे चुकीने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याचा प्रसाद मिळाला.

क्लोरीन पाण्यापर्यंत पोहोचले ते कापडाच्या मार्गाने. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये चुन्यात क्लोरीन शोषवून ब्लीचिंग पावडर बनविण्याचे एकस्व मिळविले. महाराष्ट्रातील विहिरींत पावसाळ्याच्या तोंडी टाकली जाणारी पावडर ती हीच. विषमज्वराच्या साथीनंतर इंग्लंडमधील लिंकन येथे १९०५ मध्ये आणि अमेरिकेत जर्सी सिटी येथे १९०८ मध्ये नगराच्या पाणीपुरवठ्यास क्लोरीनयुक्त द्रव्ये नियमितपणे घालण्यास आरंभ झाला. १९१० मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या तरणतलावात जॉन बंकर याने ब्लीचिंग पावडरचा प्रयोग केला. तोवर सार्वजनिक तलाव भरावेत, काही दिवसांनी उपसावेत, अशीच रीत होती. इंग्लंडमध्ये तर आठवडा सरत जाऊन पाणी मळत गेले की प्रवेशशुल्क उतरविण्याची प्रथा कित्येक ठिकाणी होती. पावडरीने हा प्रश्न सुटला, पण एक नवा प्रश्न उभा राहिला. नळाचे पाणी एकदाच वापरले जाते. तरणतलावाचे पाणी तेच ते फिरत राहते, आणि त्यात जे पडेल ते साठत जाते. तरणतलावाच्या बहुतेक साऱ्या व्याधी या साठण्यातून उद्भवतात.

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन याने पाण्याची आम्लता मोजण्याचे जे माप निश्चित केले, ते पीएच, म्हणजे मराठीतील सामू. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असते : हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट. जंतुनाशाचे काम मुख्यतः पहिल्याचे. सामू ७.५ च्या आसपास असता दोन्ही निम्मेनिम्म असतात; ७.२ ला पहिले सुमारे दोन तृतीयांश, तर ८ ला केवळ एक चतुर्थांश. म्हणजे औषधाची मात्रा तीच असूनही सामू चढल्यास त्याचा गुण ओसरतो. सामू, क्षारता व चुनखडीचे प्रमाण यांचा मेळ घालणारा निर्देशांक बर्कली येथील विल्फ्रेड लँगेलियर याने १९३६ मध्ये मांडला तो नळांच्या गंजासाठी; तरणतलावांनी तो पुढे उसना घेतला. पाणी दुधाळ दिसले आणि सामू चढा असला, तर अनेकदा तो कॅल्शियम कार्बोनेटचा साका असतो, जंतूंचा नव्हे. उलट, पाणी निवळ दिसले म्हणून ते निर्जंतुक ठरत नाही. तुरटी फिरवून पाणी निवळविणाऱ्या समाजाला ‘निवळ’ आणि ‘निर्जंतुक’ यांतील अंतर उशिरा जाणवले, यात नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात तरणतलाव घराच्या परसात आला. सोनोमा येथील डॉनेल उद्यानातील १९४८ चा वृक्काकृती तलाव हा त्या काळाचा नमुना मानला जातो. त्याबरोबर पाण्याची परीक्षाही प्रयोगशाळेतून गृहस्थाच्या हाती आली. १९१३ मध्ये एल्म्स व हाउझर यांनी प्रचारात आणलेली ऑर्थोटॉलिडीनची परीक्षा सोपी होती : पाण्यात थेंब टाकावेत, पिवळा रंग पाहावा. परंतु मोकळे क्लोरीन तो रंग चटकन आणते आणि क्लोरॅमिने सावकाश आणतात. थोडा विलंब झाला की दोघांची बेरीजच डोळ्यांपुढे येते. वास्तविक १९३९ च्या सुमारास जलशास्त्रज्ञांना ‘भंगबिंदू’ उमगला होता. अमोनियायुक्त पाण्यात क्लोरीन वाढवीत नेले असता मोजमाप प्रथम चढते, मग उतरते आणि पुन्हा चढते. उतार संपतो तेथे क्लोरॅमिने नष्ट झालेली असतात. त्यासाठी अमोनियातील नायट्रोजनच्या वजनाच्या व्यवहारतः सुमारे दहापट क्लोरीन लागते. दर्पावरचा उपाय अधिक क्लोरीन हा, हे यातून सिद्ध झाले. पण ज्याच्या कुपीत पिवळा रंग भरपूर दिसत होता, त्याला ते पटावे कसे?

ही अडचण न्यूकॅसल येथील आर्थर पेलिन याने १९५७ मध्ये दूर केली. त्याच्या डीपीडी परीक्षेत पहिल्या गोळीने येणारा गुलाबी रंग मोकळ्या क्लोरीनचा. नंतर पोटॅशियम आयोडाइड असलेली गोळी टाकली की एकूण क्लोरीन कळते. दोहोंतील वजाबाकी ती क्लोरॅमिने. ‘मोकळे’ व ‘संयुक्त’ हा भेद रसायनज्ञांच्या शब्दकोशातून उतरून गृहस्थाच्या कुपीत आला. मात्र याही परीक्षेत एक खोच आहे : क्लोरीन फारच वाढले तर ते रंगालाच विरंजित करते आणि कुपी कोरी दिसते. शून्य समजून आणखी औषध ओतणारे कमी नाहीत. नमुन्यात शुद्ध पाणी मिसळून पुन्हा परीक्षा केली की उलगडा होतो.

‘मोकळे’ हा शब्दही फार काळ निर्मळ राहिला नाही. उन्हात क्लोरीन काही तासांत नाश पावते. ते टिकावे म्हणून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सायन्यूरिक आम्ल वापरात आले. पुढे ट्रायक्लोरच्या वड्या लोकप्रिय झाल्या. तरंगत्या डबीत वडी ठेवावी आणि निश्चिंत व्हावे, अशी ती सोय होती. परंतु दशलक्षांत १० भाग क्लोरीन देताना ट्रायक्लोर सुमारे ६ भाग सायन्यूरिक आम्लही मागे ठेवते. क्लोरीन खर्च होते. आम्ल उडून जात नाही. रोज २ भाग या मानाने दोन महिन्यांत ते सुमारे ७० भागांवर जाते. १९७४ मध्ये ओब्रायन, मॉरिस व बटलर यांनी या संयुगांचे समतोल स्थिरांक प्रसिद्ध केले, तेव्हा स्पष्ट झाले की अशा पाण्यातील बहुतांश क्लोरीन सायन्यूरिक आम्लाला बांधलेले असते. परीक्षेत ते सहज सुटे होते म्हणून त्याची गणना ‘मोकळ्या’त होते. कुपी समाधानकारक गुलाबी, सामू योग्य, आणि तरीही भिंतीवर शेवाळ : या कोड्याचे उत्तर येथे आहे. अशा वेळी मेलामाइनच्या गढूळपणावरून आम्ल मोजावे लागते, आणि ते वाढलेले असल्यास उपाय एकच : काही पाणी उपसून नवे भरणे.

नावाच्या या गोंधळाचा सर्वांत घातक परिणाम पाण्याबाहेर घडतो. ट्रायक्लोरची वडी आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर दोन्ही ‘क्लोरीन’ म्हणूनच विकल्या जातात. एकच वस्तू समजून दोन्ही एका बादलीत मिसळल्यास, विशेषतः ओल असल्यास, आग वा स्फोट होऊ शकतो. हायपोक्लोराइट व आम्ल एकत्र आल्यास शेलेचा तो मूळ हिरवट वायूच बाहेर पडतो.

रंगावरून होणारे निदानही असेच फसवे आहे. केस हिरवे झाले की दोष क्लोरीनला दिला जातो; तो बहुधा शेवाळनाशकातून किंवा पाणी तापविण्याच्या यंत्रातून आलेल्या तांब्याचा असतो. ९ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या ऑलिंपिकमध्ये मारिया लेंक केंद्रातील सूरतलाव जगाच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला, तेव्हा तज्ज्ञ व साधने हाताशी असूनही कारणे बदलत गेली : प्रथम उष्णता व शेवाळ, मग घटलेली क्षारता, मग संपलेली रसायने. अखेर उघड झाले की उद्घाटनाच्या दिवशी, ५ ऑगस्टला, तेथील पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते. तेही एक जंतुनाशकच. पण क्लोरीनशी गाठ पडताच त्याने क्लोरीन निष्प्रभ केले. शेजारचा वॉटर पोलोचा तलाव कलात्मक जलतरणासाठी लागणार होता, आणि त्या स्पर्धकांना पाण्याखाली एकमेकींना पाहावे लागते. म्हणून त्यातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून सरावाच्या तलावातील पाणी त्यात भरण्यात आले. सूरतलाव आणखी काही दिवस हिरवाच राहिला.