फाइल मजकूर म्हणून पाठवली गेल्यास

१. फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, अर्थात एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर नेण्याची नियमावली, अभय भूषण यांनी १९७१ मध्ये आर्पानेटसाठी प्रथम मांडली. तिच्या १९८५ च्या सुधारित रूपातही, वेगळी सूचना नसल्यास फाइल मजकुराचीच आहे असे गृहीत धरले जाई. ओळ संपल्याची खूण युनिक्सवर १० या एकाच बाइटने, तर डॉसवर १३ व १० या जोडीने होत असल्याने मजकूर म्हणून पाठवलेल्या फाइलमधील ही खूण वाटेतच बदलली जाई, आणि मजकुरापुरता हा फेरबदल सोयीचाच होता. परंतु चित्रात किंवा प्रोग्रॅममध्ये १० हा आकडा कोठेही येऊ शकतो, आणि त्याच्याआधी १३ घुसवला गेला की पुढचे सारे बाइट जागेवरून सरकतात. म्हणून बिघडलेल्या फाइलचा आकार मूळ फाइलशी ताडून पाहणे ही पहिली तपासणी ठरे: युनिक्सवरून डॉसवर आलेली फाइल फुगलेली असेल, तर दोष बहुधा तारेचा नसून निवडलेल्या प्रकाराचा असे, आणि उपाय एवढाच की ‘बायनरी’ ही आज्ञा देऊन ती पुन्हा मागवायची. (उलट दिशेच्या प्रवासात गळालेले १३ नेमके कोठे होते हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे तेथे डागडुजीचा खटाटोप व्यर्थच.) १९९६ च्या पीएनजी या चित्रप्रकाराच्या रचनाकारांनी तर फाइलच्या पहिल्या आठ बाइटांतच १३-१० ही जोडी आणि एक सुटा १० मुद्दाम पेरून ठेवला, जेणेकरून असा फेरबदल झाल्यास तो फाइल उघडतानाच पकडता यावा.