पाठ आणि प्रक्षेप : एका जुन्या सायकलीची चिकित्सा

घरातली जुनी रॅले पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा पहिला अडथळा आला तो आट्यांचा. पायडलचा आस ज्या दोन वाट्यांत फिरतो त्यांपैकी उजवी पार झिजली होती. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातल्या एका लोखंडी ढिगात हुबेहूब तशीच वाटी सापडली. ती बसेना. नॉटिंगहॅमची रॅले कंपनी आपल्या बऱ्याच सायकलींत या ठिकाणी इंचाला 26 आटे पाडीत असे. इतर इंग्लिश कारखान्यांचा प्रमाण पेच 24 आट्यांचा होता. मिस्त्री म्हणाले, "दामटून बसवतो, साहेब, पण मग आतले मूळ आटे जातील. परत खरी वाटी मिळाली तरी बसायची नाही."

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे वाक्य ओळखीचे वाटावे. चुकीची दुरुस्ती पाठ बिघडवते, एवढेच नव्हे, तर पुढच्या संपादकाची वाटही बुजवते.

पुण्यातल्या जुन्या सायकली अशा सरमिसळ का सापडतात, याला इतिहास आहे. स्वातंत्र्यापूर्वी इथे येणारी चांगली सायकल बहुधा बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री किंवा नॉटिंगहॅमची. 1939 साली मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. 1949 मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, पुढे 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि 1952 च्या सुमारास आसनसोलजवळ सेन-रॅले, 1956 मध्ये लुधियान्याला हीरो. परकीय चलन वाचवायचे म्हणून आयातीवर निर्बंध आले. विलायती सायकल घरात राहिली, तिचे विलायती सुटे भाग मात्र दुर्मीळ झाले. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे रोज सायकल दामटणाऱ्या कामगाराला अस्सलपणाची चैन परवडणारी नव्हती. तुटले की मिळेल ते बसवायचे. इंग्लिश सांगाड्यावर लुधियान्याचे फ्रीव्हील, मद्रासचे पायडल आणि पेठेतल्या लोहाराने ठोकलेले कॅरियर, अशी संहिता त्यातून तयार झाली.

'संहिता' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. याच शहरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी तपासलेल्या हस्तलिखितांची संख्या 1259 सांगतात. वि. सी. सुखटणकर 1925 पासून 1943 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, या कामाचे प्रमुख संपादक होते. आपण व्यासांचा मूळ ग्रंथ परत मिळवला असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके जायचे, एवढीच त्यांची भूमिका होती. पाठ संशयित असेल तिथे खाली नागमोडी रेघ. पाठभेद तळटीपांत. मोठे प्रक्षेप परिशिष्टांत, पण छापलेले. माझ्या मते त्या प्रचंड उद्योगातली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट हीच : जे गाळले तेही वाचकाच्या हाती ठेवले.

सायकल दुरुस्त करणाऱ्यापाशी तळटीप नसते. एकदा जुना रंग खरवडला की खरवडला.

कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय 2017 साली सुरू झाले. त्या संग्रहात बीएसएची दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपर सायकल आहे. सांगाडा मधून दोन बिजागऱ्यांवर दुमडतो, पंखांच्या चाक्या पिळून घट्ट करायचा. पायडलच्या जागी आत सरकवता येणारे नुसते दांडे. 1942 ते 1945 या काळात अशा साठ हजारांहून अधिक सायकली तयार झाल्या. सैन्याने दिलेल्या रूपात तिला मडगार्ड नव्हते. युद्ध संपल्यावर अतिरिक्त ठरलेल्या अनेक सायकली नागरिकांच्या हाती गेल्या आणि त्यांनी चिखलापासून कपडे वाचवायला मडगार्ड बसवले. आता अशी एखादी सायकल हाती आली तर काय करावे? मडगार्ड काढले तर सैनिक दिसतो. ठेवले तर सैनिकानंतरचा मालक दिसतो. संग्रहालयाने पहिला मार्ग घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. संग्रहालयाला नमुना दाखवायचा असतो. पण घरातल्या सायकलीला तो न्याय लावावा का, हे मला ठरवता येईना.

आमच्या रॅलेवर प्रक्षेप भरपूर. सीटखालच्या नळीवर केबल वळवणारी एक छोटी पुली होती, आणि मागे मात्र साधे फ्रीव्हील. म्हणजे एकेकाळी इथे स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरचे हब असणार. पुली हा गळलेल्या श्लोकाचा मागे राहिलेला चरण. (अशा हबवर निर्मितीचे साल ठोकलेले असते. पुष्पिकेइतकी विश्वसनीय नोंद, कारण लेखनिकाला खोटे बोलण्याचे काही कारण नव्हते!) तसे हब बाजारात मिळाले, साल जुळण्याजोगे निघाले, मी ते बसवले. ही दुरुस्ती मी तर्काने केली आहे, याची मला जाणीव आहे.

कॅरियरवरून मात्र घरात वाद झाला. ते बेढब आहे, सांगाड्याला डागलेले आहे, रॅलेच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. काढून टाका, असे मिस्त्रींचे स्पष्ट मत. पण आजोबांनी ते रुंद करून घेतले होते, कारण महिन्याचे धान्य आणि मागे बसणारी एक मुलगी, दोन्ही त्यावर मावायला हवे होते. ती मुलगी म्हणजे माझी आत्या. ती म्हणाली, "ते काढलंस तर ती सायकल तुमची राहील, आमची नाही." कॅरियर राहिले.

26 आट्यांची वाटी अखेर एका मोडक्या रॅलेतून मिळाली. तिचा सांगाडा वितळवायला जाणार होता. वाटी काढून घेण्यापूर्वी मी त्यावरचा क्रमांक उतरवून घेतला. तो कागद, आमची झिजलेली वाटी, लुधियान्याचे फ्रीव्हील आणि खरवडण्याआधी जपून सोडवलेले हिरव्या रंगाचे चार पोपडे, सगळे बिस्किटांच्या एका डब्यात आहे. प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी बांधली आहे.