रोग्याच्या हातातला कागद

वैद्यकाचा इतिहास म्हटला की मोठी इस्पितळे, नामांकित शल्यविशारद आणि नवी औषधे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु तापखोकल्यासाठी आपण ज्या साध्या दवाखान्याची पायरी चढतो, तेथे रोगी सुरक्षित कशाने राहिला, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. त्याचा एक धागा डहाणू तालुक्यात सापडतो. हा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

जुना दवाखाना वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कंपाउंडर लाल मिश्रण बाटलीत भरी, मात्रेच्या खुणेसाठी कातरलेली कागदी पट्टी बाटलीला चिकटवी आणि गोळ्या पुडीत बांधून देई. पुडीत काय आहे हे रोग्याने विचारावयाचे नसे आणि डॉक्टरांनीही सांगावयाचे नसे. डॉक्टर जन्मभर एकच, तोवर हे चालले. सारी नोंद त्यांच्या डोक्यात असे. (ते डोके चार दिवस परगावी गेले म्हणजे काय होई, हे ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्यालाच ठाऊक.) रोगी दुसऱ्या दारी गेला की पहिल्या ठिकाणी काय टोचले, कोणते औषध सोसले नाही, हे कळण्यास मार्ग नसे. आमच्या मते पुष्कळसा अपाय ह्या दोन दारांमधल्या वाटेवरच होतो.

गंजाड हे गाव श्रोत्यांस वारली चित्रकार जिव्या सोमा मशे ह्यांच्यामुळे परिचित असेल. ह्या भागातल्या पाड्यांवरची अडचण शहराहून बिकट. पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि इतर कामांवर बाहेर पडतात. दिवस भरत आलेल्या बाईला मग असा डॉक्टर गाठावा लागतो, की ज्याने तिला पूर्वी कधी पाहिलेले नाही. नोंदवही मात्र गावाकडच्या केंद्राच्या कपाटात.

डेव्हिड मोर्ले ह्या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी नायजेरियातील एका खेड्यात १९५० नंतरच्या दशकात ह्यावर सोपा उपाय काढला. मुलाच्या वजनाचा आलेख मांडावयाचा आणि तो कागद आईपाशीच ठेवावयाचा. रेघ वर चढली तर ठीक, आडवी झाली तर सावध व्हावे, खाली आली तर धोका. अक्षरओळख नसलेल्या आईलाही हे वाचता येते. आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने अख्खे लग्न रेखाटणाऱ्या समाजाला रेघ वाचणे काय अवघड?

महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेला गेलेल्यांना जवळचे कासा गाव माहीत आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शहा ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात माता-बालक आरोग्य व पोषणाचा प्रकल्प उभारला. गावातले अर्धवेळ कार्यकर्ते मुलांची वजने घेत आणि अधिक धोक्यातली मुले वेगळी काढून त्यांच्याकडे आधी लक्ष देत. सर्वांना सारखेच तपासण्यापेक्षा कोणाला आधी पाहावे हे ठरविणे, हाच त्यातला मोठा विचार होता.

पुढे गरोदर स्त्रीने घरी ठेवावयाच्या कार्डाची पारख जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ ते १९८८ मध्ये आठ देशांतील तेरा केंद्रांत केली. भारत त्यांत होताच, आणि १९९३ साली निष्कर्ष मांडणाऱ्यांत डॉ. शहा होते. धोक्याच्या बायका वेळेवर ओळखता आल्या, त्यांना पुढच्या उपचारासाठी पाठविण्याचे प्रमाण वाढले. आपल्याकडील माता-बाल संरक्षण कार्ड २०१० पासूनचे.

एवढे पाड्यावरच्या आईला मिळाले. शहरातल्या मधुमेही गृहस्थाला काय मिळाले? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन घातले, पण ते इस्पितळात दाखल झालेल्या रोग्यांपुरते. २०१६ च्या दुरुस्तीने औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असे सांगितले. औषध टोचून, पुडी हाती देऊन ज्याला चिठ्ठीशिवाय घरी पाठविले, त्याच्यापाशी मात्र वाचण्यासारखे काहीच उरत नाही.