डालग्याखालचा जंत

सांगली जिल्ह्यात घरच्या कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरतात आणि दिवेलागणीला डालग्याखाली किंवा खुराड्यात जातात. एखादी तलंग पिसे विस्कटून बसू लागली, दाणे टिपूनही तिच्या छातीचे हाड हाताला लागू लागले, की जाणती बाई म्हणते, "हिला जंत झालेत."

पण पोटात जंत येतो कुठून? इटलीच्या रेदीने १६८४ साली प्राण्यांच्या पोटातील प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. तरीही पुढे दीडशे वर्षे अनेक पंडित जंत आतड्यातच आपोआप उपजतात असे मानत. कोंबडीच्या गोल जंताचे वर्णन श्रांकने १७८८ मध्ये केले. 'ॲस्करिडिया गॅली' हे आजचे नाव १९२३ चे.

खरे उत्तर विष्ठेत होते. जंताची अंडी तिच्यातून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती बाधा करण्याजोगी होतात आणि मातीत महिनोन् महिने टिकतात. म्हणून शिराळ्याच्या पावसाळी अंगणात त्यांचे फावते, जतच्या तापलेल्या मुरमावर तेवढे नाही. अर्थात जतमध्येही पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल त्यांना पुरतो!

अमेरिकेत कॅन्सस येथे ॲकर्ट यांनी १९२० नंतरच्या काळात दाखवले, की 'अ' जीवनसत्त्व कमी मिळालेल्या पिलांत जंत अधिक होतात. परसातल्या हिरव्या पाल्याची किंमत इथे कळते.

आपल्याकडे पळसबी आणि वावडिंग जंतांवर फार पूर्वीपासून देतात. १९७० च्या दशकात भारतीय प्रयोगशाळांनी वनस्पतींचे अर्क याच कोंबडीच्या जंतावर तपासले. मात्र काचपात्रात जंत मेला म्हणजे कोंबडी बरी झाली असे नव्हे.

त्याआधी, १९५० च्या दशकात, पायपरॅझिन वापरात आले. गंमत अशी, की त्याने जंत लुळा पडतो आणि विष्ठेबरोबर बाहेर येतो. मादी जंताच्या पोटात अंडी असतातच! औषध देऊन विष्ठा तिथेच राहू दिली, तर रोग अंगणात पेरला जातो. ती गोळा करून जाळावी. आतड्याच्या अस्तरातील अळ्या या औषधाला सहसा दाद देत नाहीत, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा मात्रा लागते. पट्टकृमींवर तर ते चालतच नाही. औषध, मात्रा आणि अंडी किती दिवस खायची नाहीत, हे पशुवैद्यकाला विचारावे.

मोठी कोंबडी धडधाकट दिसूनही जंत बाळगते. पिले तिच्याच जुन्या, ओल्या जागेत डालली, तर पहिली बाधा त्यांनाच होते.