हिवाळ्यात गाडी बाहेर काढताना...

पावसाळ्याच्या तोंडावर गाडी आवर्जून तपासून घेणारे अनेकजण हिवाळ्याचा विचारही करीत नाहीत. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, मग वेगळी तयारी कशाला, असा समज त्यामागे असतो. वास्तविक आपल्याकडे हिवाळ्यातील प्रवासाचा खरा धोका थंडीत नसून धुक्यात आहे. त्यातच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असतो आणि मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या पहाटेच्या अंधारात अचानक समोर येतात.

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. समोरचा धोका ध्यानात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत ३० मीटर रस्ता मागे पडलेला असतो. घाटात किंवा नदीकाठी दाट धुक्यामुळे जेमतेम ५० मीटरपर्यंतचेच दिसत असेल, तर उरलेल्या अंतरात गाडी थांबणे शक्य नसते. म्हणूनच आपल्याला नीट दिसावे आणि आपण इतरांना दिसावे, हेच हिवाळी तयारीचे सूत्र असायला हवे.

काचा आणि वायपर
पुढची काच बाहेरून पुसली जाते. परंतु आतल्या बाजूला साचलेला धूळ व तेलकटपणाचा थर तसाच राहतो. समोरच्या वाहनाचा प्रकाश पडताच तो डोळ्यांवर येतो. काच आतूनही स्वच्छ करावी. उन्हाने कडक झालेली वायपरची रबरे बदलावीत. काचेवर आतून वाफ धरल्यास हाताने पुसू नये. एसी सुरू करून हवेचा झोत काचेकडे वळवावा व बाहेरची हवा आत घ्यावी. एसी हवेतील ओलावा शोषून घेतो व काच लवकर निवळते.

दिवे
हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट व इंडिकेटर एखाद्याला मागे उभे करून तपासावेत. धुक्यात 'अप्पर' लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. तो प्रकाश जलकणांवरून परत फिरतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. 'डिपर' आणि खाली, रुंद प्रकाश टाकणारे फॉग लॅम्पच उपयोगी पडतात. अनेक नव्या गाड्यांत दिवसा आपोआप लागणारे दिवे फक्त पुढेच असतात, मागची बाजू अंधारात राहते. धुक्यात हेडलाइटचे बटण स्वतः सुरू करावे. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नयेत. त्यामुळे वळण्याचा इशारा मागच्याला कळत नाही.

टायर
तापमान ५ ते ६ अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो. दाब सकाळी, टायर थंड असताना तपासावा. स्टेपनी विसरू नये. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली असेल, तर टायर बदलण्याला पर्याय नाही.

बॅटरी
थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, तर घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरविण्यास अधिक ताकद लागते. बॅटरी तीन-चार वर्षे जुनी असल्यास तिची चाचणी करून घ्यावी व टर्मिनलवरील क्षार काढावेत. इंजिन 'गरम करण्यासाठी' बंद गॅरेजमध्ये ते कधीही सुरू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा गंध नसतो आणि तो प्राणघातक ठरतो.

हिमालयाकडे जाताना
हिमाचल वा काश्मीरकडे स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी रेडिएटरमध्ये नुसते पाणी ठेवू नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व इंजिनला तडा जाऊ शकतो. अँटिफ्रीझ असलेले कूलंट योग्य प्रमाणात भरलेले असावे. अतिथंडीत डिझेलमधील मेण गोठून इंधनाचा प्रवाह अडतो. लडाखसाठी २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल उपलब्ध करण्यात आले, ते याच कारणासाठी.

इतके करूनही वाटेत धुके दाटले, तर रस्त्याच्या कडेला अर्धवट न थांबता पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठावा. सूर्य वर आला की पहाटेचे धुके बहुधा विरळ होते. मुक्कामी तासभर उशिरा पोहोचल्याने सहलीचे काही बिघडत नाही.