तळघर की माजघर?

मंडळी, या वीकांताला जरा वेगळा विषय. इतिहास आहे, पण तहाचा किंवा लढाईचा नाही. एका पिच्चरचा आणि तो बघणाऱ्यांचा.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना होस्टेलवर आम्ही सहा जणांनी एका लॅपटॉपभोवती कोंडाळं करून ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहिला होता. उद्देश शुद्ध टाइमपास. कृष्णधवल चित्र, तेही धुरकट, आणि झॉम्बी कसले, तर पेन्शनच्या रांगेतल्या आजोबांसारखे हळूहळू चालणारे. आम्ही पोट धरून हसलो. ‘च्यायला, जरा भरभर चाललं तरी सुटतील की!’ हे माझं त्या रात्रीचं समीक्षण. शेवट येईपर्यंत दोघं झोपले होते.

परवा तोच पिच्चर एकट्याने, चांगल्या प्रतीत, पुन्हा पाहिला. अजिबात हसू आलं नाही. मग प्रश्न पडला की बदललं काय? पिच्चर तर तोच आहे. म्हणून जरा वाचत गेलो, तर लक्षात आलं की गेल्या अर्ध्या शतकात या चित्रपटाबद्दलची मतं जितक्या वेळा पालटली आहेत, तितकी क्वचितच कशाबद्दल पालटली असतील.

(पुढे शेवट सांगणार आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या, मी थांबतो.)

तर सुरुवातीपासून. अमेरिकेतलं पिट्सबर्ग, पोलादाच्या कारखान्यांचं शहर. तिथे जॉर्ज रोमेरो नावाचा विशीतला मुलगा आणि त्याचे मित्र जाहिराती आणि औद्योगिक माहितीपट बनवायची छोटी कंपनी चालवत होते. लहान मुलांच्या ‘मिस्टर रॉजर्स’ कार्यक्रमासाठी टॉन्सिलच्या ऑपरेशनवर एक छोटी फिल्मही रोमेरोने केली होती! जाहिरातींचा कंटाळा आल्यावर दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले आणि चित्रपट करायचं ठरवलं. पुढे खर्च वाढत वाढत १,१४,००० डॉलरच्या आसपास गेला. हॉलिवुडच्या हिशेबात ही चिल्लर.

काटकसर तरी किती? इव्हान्स सिटी नावाच्या गावाजवळचं, पाडायला काढलेलं एक घर भाड्याने घेतलं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं. गुंतवणूकदारांतला एक जण मांसाच्या धंद्यातला, त्यामुळे आतडी-बितडी घरचीच. तळघरात लपायचा हट्ट धरणारा हॅरी कूपर झालेला कार्ल हार्डमन हाच एक निर्माताही होता आणि पडद्यावरची त्याची मुलगी ही त्याची खरीच मुलगी. थोडक्यात, आपल्याकडच्या गणेशोत्सवातल्या नाटकासारखा सगळा मामला. जो नट तोच तिकिटं फाडणार.

कथा दोन ओळींची. मेलेली माणसं अचानक उठून जिवंतांना खायला लागतात आणि सात माणसं एका शेतघरात अडकतात. पूर्ण चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही येत नाही. त्याआधीचा पडद्यावरचा झॉम्बी हैतीतल्या लोककथांतून आलेला होता, म्हणजे मालकाच्या हुकमावर राबणारं प्रेत. १९३२ च्या ‘व्हाईट झॉम्बी’ मध्ये ही प्रेतं साखर कारखान्यात राबताना दिसतात. रोमेरोच्या प्रेतांना मालक नाही. त्यांना फक्त भूक आहे. कल्पनेची प्रेरणा रिचर्ड मॅथेसनची १९५४ ची ‘आय ॲम लेजंड’ ही कादंबरी, असं रोमेरोनेच सांगितलंय. पण आज आपण ज्याला झॉम्बी म्हणतो, ती मेंदूत गोळी घातल्याशिवाय न थांबणारी, चावून चावून वाढत जाणारी गर्दी, ती या घरात जन्मली.

पहिला खेळ १ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात झाला. तारीख लक्षात ठेवा. अमेरिकेत चित्रपटांना वयानुसार श्रेणी देण्याची पद्धत सुरू झाली १ नोव्हेंबर १९६८ ला, म्हणजे बरोबर एक महिन्यानंतर. त्यामुळे हा पिच्चर कुणीही, कितीही वयाचा बघू शकत होता. त्याकाळी शनिवारी दुपारी भयपट लावायचे आणि आईवडील पोरांना थिएटरात सोडून बाजारहाट करायला जायचे. पोरांना सवय होती ती अणुचाचणीने फुगलेल्या मुंग्यांची आणि रबरी राक्षसांची. हे राक्षस शेवटी मरतात, हिरो हिरॉइनला मिठी मारतो, पॉपकॉर्न संपतं, घरी.

अशाच एका दुपारच्या खेळाला शिकागोत रॉजर इबर्ट हा तरुण समीक्षक बसला होता. जानेवारी १९६९ मध्ये त्याने ‘शिकागो सन-टाइम्स’ मध्ये जे लिहिलं, ते चित्रपटापेक्षा प्रेक्षकांचंच परीक्षण आहे. तो सांगतो, सुरुवातीला पोरं नेहमीसारखी मजेत किंचाळत होती. मग अर्ध्या वाटेवर हळूहळू आवाज बंद झाला. पलीकडच्या रांगेत नऊएक वर्षांची एक मुलगी अजिबात न हलता बसून रडत होती. पोरांना भीतीची सवय होती, पण सगळेच मरतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. इबर्टचा राग होता तो पोरांना आत सोडणाऱ्या थिएटरवाल्यांवर आणि आईबापांवर. हा लेख ‘रीडर्स डायजेस्ट’ ने पुन्हा छापला आणि घराघरात पोचला. इबर्टला चित्रपट म्हणून तो पुढे चांगलाच वाटला, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं.

बाकी मोठ्या लोकांची मतं? ‘व्हरायटी’ ने बनवणारे, वाटणारे, दाखवणारे अशा सगळ्यांच्या नीतिमत्तेवरच बोट ठेवलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ने चार ओळींत निकाल लावला, की पिट्सबर्गच्या काही मंडळींनी हौशी नट घेऊन केलेला प्रकार. झालं.

पण मोठे लोक काय म्हणतात याची पर्वा न करता पोरं पुन्हा पुन्हा जात राहिली. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा चित्रपट दाखवला. मग मध्यरात्रीच्या खेळांची टूम निघाली, तिथे कॉलेजातली पोरं गर्दी करायला लागली. आणि दोन वर्षांपूर्वी ज्याला कचरा म्हटलं होतं त्यात लोकांना चक्क अमेरिका दिसायला लागली.

का, ते सांगतो. चित्रपटाचा नायक बेन कृष्णवर्णीय आहे. भूमिका केली ड्वेन जोन्सने. मूळ पटकथेत बेन हा एक रांगडा ट्रक ड्रायव्हर होता, त्याच्या वंशाचा उल्लेख नव्हता. रोमेरो कायम सांगायचा की चाचणीत ड्वेन सगळ्यात चांगला निघाला म्हणून घेतला, दुसरं कारण नाही. जोन्स स्वतः सुशिक्षित, पुढे प्राध्यापकी केलेला माणूस. त्याने संवाद आपल्या बोलीत आणले आणि बेन एक शांत, विचारी माणूस झाला. अख्ख्या चित्रपटात त्याच्या रंगाबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही. १९६८ सालच्या अमेरिकेत हे न बोलणंच केवढं मोठं होतं!

आणि शेवट. रात्रभर झुंजून बेन एकटा जगतो. सकाळी बंदुका आणि कुत्रे घेऊन गोऱ्या लोकांची तुकडी प्रेतं मारत मारत येते. बेन आवाज ऐकून खिडकीपाशी येतो. ते त्याला प्रेत समजून कपाळात गोळी घालतात. मग हलती चित्रं थांबतात आणि वर्तमानपत्रातल्यासारखे भरड फोटो येतात. मांस उचलायच्या आकड्यांनी त्याला ओढताहेत, सरणावर टाकताहेत. संपलं.

चित्रपट पूर्ण करून रोमेरो आणि त्याचा सोबती प्रिंट गाडीत टाकून वितरक शोधायला न्यूयॉर्कला निघाले, ती रात्र होती ४ एप्रिल १९६८ ची. वाटेत रेडिओवर बातमी आली, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. म्हणजे शेवट आधी चित्रित झाला होता, अर्थ नंतर येऊन त्याच्यावर बसला. एका कंपनीने शेवट बदला म्हणून सांगितलं, यांनी ऐकलं नाही. ड्वेन जोन्सने मात्र पुढे एका मुलाखतीत सांगितलं की बेनने मरावं असं त्याचंच मत होतं, गुळगुळीत सुटका कृष्णवर्णीय प्रेक्षकांना पटली नसती. म्हणजे दिग्दर्शक ‘योगायोग’ म्हणत होता, तेव्हा नटाला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं. मला हे सगळ्यात जास्त भिडलं.

आता आपल्या पेशाला लागून असलेला किस्सा. चित्रपटाचं आधीचं नाव होतं ‘नाईट ऑफ द फ्लेश ईटर्स’. तसल्याच नावाचा एक चित्रपट आधीच आलेला असल्यामुळे वितरकाने नाव बदललं. नावाची पाटी नवीन केली. पण कॉपीराइटची ओळ होती जुन्या पाटीवर! नव्या पाटीवर ती टाकायची राहून गेली. त्यावेळच्या अमेरिकन कायद्यात, म्हणजे १९०९ च्या, प्रकाशित प्रतीवर ती ओळ नसेल तर हक्कच संपायचा. रिलीजच्या आदल्या दिवशी कुणीतरी कॉन्फिग फाईलमधलं नाव बदलावं आणि खालची ओळ उडावी, तसं. फरक एवढाच की इथे रोलबॅक नव्हता. चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, कायमचा. कोट्यवधी डॉलरचा धंदा झाला, पण बनवणाऱ्यांच्या हाती त्या मानाने फार थोडं लागलं.

या एका ओळीने प्रेक्षकांच्या मतांचाही इतिहास घडवला. फुकट म्हणून टीव्ही केंद्रांनी तो रात्री-अपरात्री लावला, कुणीही उठून व्हिडिओ कॅसेट काढली, १९८६ मध्ये रंगवलेली आवृत्तीही आली. प्रतीची प्रत, तिची प्रत. त्यामुळे ‘छायाचित्रण भिकार आहे’ असं छातीठोक सांगणाऱ्या दोन-तीन पिढ्या (होस्टेलवरचे आम्ही धरून) मुळात चित्रपट बघतच नव्हत्या, त्याची झेरॉक्स बघत होत्या. २०१६ मध्ये मूळ निगेटिव्हवरून स्वच्छ प्रत तयार झाली, तेव्हा कळलं की सावल्या किती विचार करून टाकल्या आहेत. त्याआधीच, १९९९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत तो जाऊन बसला होता. इनपुट खराब तर मतही खराब, इतकं साधं आहे ते.

आता शीर्षकाकडे येतो. घरातलं मुख्य भांडण असं: हॅरी म्हणतो तळघरात जाऊ, दार एकच आहे, आतून लावून घेऊ. बेन म्हणतो तळघर म्हणजे पिंजरा, वर माजघरात थांबू, रेडिओ-टीव्ही आहे, बाहेरचं दिसतं, पळायला वाट आहे. हॅरी चिडका, स्वार्थी, खेकसणारा. बेन शांत, कामसू. आपण डोळे मिटून बेनच्या बाजूने.

पण नंतर काय होतं बघा. बेनच्या योजनेप्रमाणे पेट्रोल भरायला गेलेलं तरुण जोडपं ट्रकसकट जळून मरतं. फळ्या ठोकलेल्या खिडक्या तुटतात. शेवटी बेन वाचतो कुठे? तळघरात! आमच्या होस्टेलवरचा एक मित्र तेव्हाच ओरडला होता, ‘अरे, तो टकल्याच बरोबर होता राव!’ आम्ही त्याला गप्प केलं होतं.

मग हॅरी बरोबर? तेही नाही. त्याची चावलेली मुलगी तळघरातच निजलेली असते, तीच पुढे उठते आणि आईला मारते. सगळे दार लावून तिथे बसले असते तर धोका आतच होता. म्हणजे दोघांचीही योजना अर्धी बरोबर, आणि घर पडलं ते योजनांमुळे नाही, दोघांना मिळून एक योजना करता आली नाही म्हणून. बेन बाहेरून दार बडवत असताना हॅरी ते उघडत नाही, तिथेच सगळं संपलेलं असतं. प्रॉडक्शन बंद पडलेलं असताना दोन सीनियरांना कॉलवर ‘माझंच बरोबर’ करताना ज्याने ऐकलंय, त्याला हा प्रसंग झोपू देणार नाही. विशीच्या आधी मला इथे हसू आलं होतं, कारण तोवर मी अशा खोलीत बसलो नव्हतो.

झॉम्बी पुढे जगभर पसरले. गोव्याच्या बेटावर ‘गो गोवा गॉन’ (२०१३) आला, आपल्या डोंबिवलीत ‘झोंबिवली’ (२०२२) आला आणि त्यातही खरं भांडण प्रेतांशी नाही, टॉवर आणि झोपडपट्टीमधलं आहे. रोमेरो २०१७ मध्ये गेला. त्याची ती हळू चालणारी माणसं अजून चालताहेत.

असो. मला राहून राहून ती शिकागोची मुलगी आठवते. ‘व्हरायटी’ चुकलं, ‘टाइम्स’ चुकलं, होस्टेलवर आम्ही तर साफच चुकलो. नंतरच्या पंडितांनी व्हिएतनाम, वंशभेद, कुटुंबसंस्था असं बरंच काही शोधून काढलं, ते खरंही असेल. पण त्या दुपारी आवाज न करता रडणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला जे कळलं, ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेमकं होतं. या वेळी वाचवायला कुणी येत नाहीये, आणि जे येताहेत ते वाचवायला आलेले नाहीत.

पाहिला नसेल तर पाहा. फुकट आहे, आणि का फुकट आहे ते आता माहीत आहेच. फक्त प्रत चांगली शोधा. आणि तळघर की माजघर, तेवढं जरूर कळवा.