इंडिबिलिटी क्रिएटिव्ह विरुद्ध पश्चिम बंगाल शासन
इंडिबिलिटी क्रिएटिव्ह विरुद्ध पश्चिम बंगाल शासन हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१९ रोजी दिलेला निकाल आहे. अनीक दत्त दिग्दर्शित ‘भोबिष्योतेर भूत’ हा बंगाली उपहासपट १५ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला आणि दुसऱ्याच दिवशी बहुतेक चित्रपटगृहांतून उतरवला गेला. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र त्यास मिळालेले होते. तरीही प्रदर्शनाच्या चार दिवस आधी कोलकाता पोलिसांनी निर्मात्यांना पत्र पाठवून वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी खास खेळ ठेवण्यास सांगितले होते. बंदीचा लेखी आदेश मात्र कधीच निघाला नाही. त्यामुळे आव्हान द्यावे असे कागदावर काहीच नव्हते.

न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. हेमंत गुप्ता यांच्या खंडपीठाने हा प्रकार कायद्याचा आधार नसलेली गळचेपी ठरवला. अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात शासनाने केवळ अडथळा न आणणे पुरेसे नाही, तर ते बजावता येईल अशी परिस्थिती राखणे हेही त्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. याचिकाकर्त्यांना २० लाख रुपये भरपाई व १ लाख रुपये दाव्याचा खर्च देण्याचा आदेश झाला.

चित्रपटगृहाच्या मालकाने शासकीय दबावाविना, स्वेच्छेने खेळ रद्द केल्यास प्रश्न वेगळा ठरतो. अनुच्छेद १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून सार्वजनिक करमणुकीच्या स्थळी प्रवेश नाकारता येत नाही. परंतु या यादीत राजकीय मताचा समावेश नाही, आणि हे संरक्षण प्रेक्षकाला आहे, चित्रपटाला नव्हे.